परदेशी शिकायला निघालेली ख्रिस्ती मुलं आणि पंडिता रमाबाईंची पत्रं

 

इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांचं वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे आपल्याकडे पाऊस जोरात असतानाच घराघरांत बॅगा भरायला लागतात. चटण्या, लोणचं, छोटा कुकर, जाड स्वेटर. ख्रिस्ती घर असेल तर वर आईने ठेवलेलं मराठी किंवा हिंदी बायबल. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात काकू-मावश्या जवळ घेतात आणि सांगतात, ‘काही काळजी करू नकोस, तिकडे सगळे आपलेच आहेत.’

आज मी या ‘सगळे आपलेच’बद्दल बोलणार आहे. हिंदू किंवा जैन घरातली मुलगी लंडनला निघते तेव्हा आपला धर्म तिथे परका असणार, हे तिला ठाऊक असतं आणि तिची तशी तयारीही असते. ख्रिस्ती मुलांना मात्र आपण गाफील पाठवतो. धर्म एकच आहे म्हटल्यावर अडचण कसली, असं आपल्याला वाटतं. अडचण नेमकी तिथेच येते. ती किती खोल जाऊ शकते हे पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंची १८८३ ते १८८६ ही इंग्लंडमधली तीन वर्षं पाहावीत. शाळेच्या पुस्तकात रमाबाई म्हणजे शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण. परदेशात शिकणारी विद्यार्थिनी म्हणून त्या आपल्याला कुणी दाखवल्याच नाहीत.

एप्रिल १८८३मध्ये त्या मुंबईहून जहाजात बसल्या तेव्हा जेमतेम पंचविशीच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले. पती बिपिनबिहारी मेधावी वर्षभरापूर्वी कॉलऱ्याने गेलेले. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे केले होते. पुण्यात पंचहौदजवळ काम करणाऱ्या अँग्लिकन सिस्टर्सशी त्यांची ओळख झाली होती. त्यांचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज या गावी होता. तिथे राहायचं, हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहण्या-जेवणाची सोय, असा व्यवहार ठरला. वैद्यकीय शिक्षण घ्यायचा बेत होता. आपण ख्रिस्ती होणार नाही, असं त्यांनी निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं.

पुढे काय झालं ते माहीत आहेच. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेजच्या चर्चमध्ये रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. लंडनजवळ फुलहॅमला या सिस्टर्सचं एक घर होतं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे आधार मिळे. ते काम रमाबाईंनी पाहिलं आणि योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीचा, वाचला. आपल्या शास्त्रांत अशा बाईला जागा नव्हती, इथे आहे, हे त्यांच्या मनात घुसलं. तरीही, १८८३मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुष्कळ वर्षांनी लिहिलं आहे. त्या शोधाला आणखी आठ वर्षं लागली. म्हणजे इंग्लंडमधली रमाबाई ही विश्वास ठरून गेलेली ख्रिस्ती बाई नव्हती. ती वाटेवर होती. विशी-पंचविशीतली आपली मुलंही बहुधा तिथेच असतात, घरचा धर्म कितीही पिढ्यांचा असो.

एक दुःखद गोष्ट इथे टाळता येणार नाही. इंग्लंडला पोचून वर्षही झालं नव्हतं तोच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परका देश, परकी भाषा, मनावरचा ताण. त्यानंतर रमाबाई काही काळ ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी राहिल्या. त्यांना रात्री एकटं झोपवत नसे, म्हणून एक मोलकरीण त्यांच्या खोलीत झोपत असे. ऐकू येणंही कमी होत गेलं आणि त्यापायी डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. परदेशी शिक्षणाच्या गोष्टीत आपण पदवी आणि फोटो तेवढे सांगतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तुमच्या मुलाचा फोन दोन आठवडे नीट येत नसेल तर ‘प्रार्थना कर’ एवढ्यावर थांबू नका. प्रार्थनाही करा, पण आधी त्याला विचारा, तू जेवतोस का, झोपतोस का, कुणाशी बोलतोस का. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

१८८४मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तिथे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. मनोरमा वाँटेजला सिस्टर्सकडे होती. या काळातली पत्रं उपलब्ध आहेत आणि तीच मला आज तुमच्यासमोर ठेवायची आहेत.

ही पत्रं मुख्यतः सिस्टर जेराल्डीनशी. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांची धर्माच्या बाबतीतली आई म्हणजे या सिस्टर. इंग्रजी पत्रांत रमाबाई त्यांना काय म्हणत असत? ‘आजीबाई’. मनोरमेची आजी, म्हणून. केवढा जिव्हाळा आहे त्या एका शब्दात! आणि त्याच पत्रांत कडाक्याचं भांडण.

पहिला वाद ताटावरून. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण मांसमासळी खायला सुरुवात केली नाही. अंडंही नाही. सिस्टरना वाटलं, हा जातीचा अभिमान अजून गेलेला नाही. ख्रिस्तात सगळे एक, मग हे वेगळं ताट कशाला? रमाबाईंचं उत्तर शांत आणि धारदार आहे. त्यांचं म्हणणं असं : मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं, कारण मी आहे, आणि ज्या चालीरीतींनी कुणाचं नुकसान होत नाही त्या मी पाळीन. एखादी इंग्रज बाई आमच्याकडे येऊन राहिली आणि तिने स्वतःच्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का?

इथे ‘हिंदू’ हा शब्द त्या देशाच्या आणि संस्कृतीच्या अर्थाने वापरत होत्या, हे लक्षात घ्या. पण माझं मत सांगतो. सिस्टर जेराल्डीन अगदीच चुकत होत्या असं नाही. आपल्याकडे शुद्ध शाकाहाराला जातीचा वास येतो हे खरंच आहे. आपल्या ख्रिस्ती समाजातही, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कुणी शेजारी बसवून घेतलं नव्हतं, त्यांना हे ताट प्रकरण टोचेल. सिस्टरची चूक वेगळी होती. ख्रिस्ती होण्याचा भाग कोणता आणि नुसता इंग्रज होण्याचा भाग कोणता, हे त्यांना वेगळं करता येत नव्हतं. रमाबाईंना येत होतं.

दुसरा वाद क्रुसावरून. क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत, असं सिस्टरचं मत. रमाबाईंना संस्कृत हवं होतं. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. मग न कळणाऱ्या अक्षरांत असं काय जास्त पवित्र आहे जे आमच्या जुन्या संस्कृतात नाही? आता कुणी म्हणेल, संस्कृत तरी त्या काळच्या किती बायकांना येत होतं? बरोबर आहे. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेव्हा साध्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीचाच आग्रह धरला. तिथवरचा प्रवास या क्रुसापासून सुरू होतो असं मला वाटतं.

आपल्या छत्तीसगडच्या मंडळींना इथे दुसरं नाव आठवेल. ना. वा. टिळक. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. राजनांदगाव म्हणजे रायपूरपासून दीड-दोन तासांची वाट. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. विलायतेला न जाता त्यांनीही हाच प्रश्न विचारला आणि अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं. १९१७मध्ये तर मिशनची नोकरी सोडली. घरी बसूनही जो प्रश्न सुटत नाही, तो विमानात बसल्याने कसा सुटेल?

तिसरा वाद जास्त गंभीर. रमाबाईंनी मराठी शिकवावं आणि विद्यार्थ्यांत पुरुषही असावेत, अशी सूचना पुढे आली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल. जिने कलकत्त्यात पंडितांच्या सभा गाजवल्या आणि पुण्यात पुरुषांपुढे व्याख्यानं दिली, तिला हे सांगत होते! रमाबाई चिडल्या. मग धर्मशिक्षणावरून खटके उडाले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. बायबल मानते, पण तुमच्या चर्चने आखलेलं प्रत्येक कलम मानीन असं वचन देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मे १८८५च्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, दुसऱ्या तशाच जोखडात ती लगेच घालायची तयारी नाही.

हे लिहिताना त्यांची मुलगी त्याच सिस्टर्सच्या घरी होती. राहण्याची सोय त्यांची, ओळखी त्यांच्या, शिक्षणाचा मार्गही त्यांनीच उघडलेला. मनोरमेला काय शिकवावं यावरही वाद झाला. उपकार करणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं किती अवघड, हे ज्याने कुणाच्या पैशावर शिक्षण घेतलं आहे त्याला विचारा.

आणि घरून आधार? तोही नाही. बाप्तिस्म्याची बातमी आल्यावर पुण्यात टीकेची झोड उठली. बाजू घेणारे थोडे, त्यात महात्मा फुले. १८८५मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचं समर्थन केलं. पुण्याच्या मते ही बाई विकली गेली होती आणि वाँटेजच्या मते ही अजून पुरती ख्रिस्ती झाली नव्हती. आमच्या छत्तीसगडात धर्मांतर हा शब्द नुसता उच्चारला तरी हवा तापते. इथल्या ख्रिस्ती मुलाला घरी ‘तुम्ही परक्या धर्माचे’ हे ऐकावं लागतं, आणि तिकडे गेल्यावर चर्चमधली प्रेमळ आजी विचारते, ‘तू ख्रिस्ती कधी झालास?’ तो चौथ्या पिढीचा ख्रिस्ती असतो. रागावू नका. आजीला चहा द्या आणि पणजोबांची गोष्ट सांगा. पुढच्या रविवारी ती तुम्हाला नावाने हाक मारेल.

चेल्टनहॅमला रमाबाईंना एक माणूस मात्र बरा भेटला. प्रिन्सिपॉल डोरोथिया बील. त्याही पक्क्या अँग्लिकन. पण शंका म्हणजे पाप असं त्यांनी मानलं नाही. रमाबाईंच्या लांबलचक प्रश्नांना त्या तशीच लांब उत्तरं लिहीत. सिस्टर जेराल्डीनला आज्ञाधारकपणा हवा होता, बीलबाईंना विचार हवा होता. परदेशात चर्च शोधताना मला हीच कसोटी महत्त्वाची वाटते. गाणी किती छान, तरुण मुलं किती, हे नंतर बघा. इथे प्रश्न विचारला तर लोकांचे चेहरे बदलतात का, ते आधी बघा.

चर्च शोधायचं कसं, तेही थोडक्यात सांगतो. रमाबाई गोंधळल्या त्याचं एक कारण म्हणजे इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचे इतके पंथ असतील याची त्यांना कल्पनाच नव्हती. आजही तसंच आहे. एकाच रस्त्यावर धूप-घंटा असलेली उपासना आणि गिटार-ड्रमवाली उपासना, दोन्ही सापडतात. तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असाल, तर आपलं चर्च १९७०मध्ये नागपूरला सहा पंथ मिळून झालं, हे लक्षात ठेवा. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्टही होते. हे चर्च अँग्लिकन परिवाराचं सभासद आहे. त्यामुळे इंग्लंडमधल्या कुठल्याही पॅरिश चर्चमध्ये तुम्ही पाहुणे म्हणून संकोचण्याचं कारण नाही. निघताना पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला सोबत ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत चॅप्लिन असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा. आणि जो गट तुम्हाला इतर कुणाशी मैत्री करू नका म्हणतो, घरी फोन कमी करा म्हणतो, तिथून उठा. मग तिथे कितीही चांगली बिर्याणी मिळो.

फेब्रुवारी १८८६मध्ये रमाबाईंनी इंग्लंड सोडलं. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ ११ मार्चला फिलाडेल्फियात होता, त्याला जायचं होतं. सिस्टर्सना ते पसंत नव्हतं. तरी त्या गेल्या. तिथे जमलेल्या मदतीवर, बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं.

आजीबाईंशी पत्रव्यवहार तुटला नाही. ही सगळी पत्रं जपून ठेवली, क्रमाने लावली, ती सिस्टर जेराल्डीनने. स्वतःविरुद्ध लिहिलेलीही. अ. भि. शहांनी संपादित केलेला तो संग्रह १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मुंबईत छापला. इंग्रजीत आहे, जाडजूड आहे. ग्रंथालयात मिळाला तर चेल्टनहॅमची पत्रं आधी वाचा.