मालवणची पोवळी आणि आकाशातला तापमापक

मे उजाडला की डोंबिवली-कल्याणकडच्या कितीतरी घरांत मालवणचे बेत शिजतात. मध्यरात्री ठाण्याला तुतारी एक्सप्रेस पकडायची, कुडाळला उतरायचं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायचं. तिथे पाण्याखाली जी पोवळी दिसतात, त्यांचा वर्षातला सगळ्यात कठीण काळ नेमका तेव्हाच असतो. पाऊस लागण्याआधी अरबी समुद्र चांगलाच तापलेला असतो.

हा ताप मोजायचं काम उपग्रह करतात. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेची प्रवाळ-इशारा सेवा २०११ पासून चालू आहे. अमेरिकेची 'नोआ' जगभरच्या समुद्रांचा हिशेब ठेवते. इथे उपग्रहाला पोवळं दिसत नसतं. तो टिपतो पाण्याच्या केसाहून पातळ अशा वरच्या थरातून निघणारे अवरक्त किरण. दिवसा उन्हाने हा थर वरवर तापतो, म्हणून 'नोआ' रात्रीचंच तापमान धरते.

हिशेब सोपा आहे. एखाद्या जागी सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी ३० अंश आहे असं धरा. पाणी ३१ अंशांवर आठवडाभर राहिलं, की खात्यावर १ जमा. ३२ अंशांवर दोन आठवडे राहिलं, की ४. अशी मागच्या १२ आठवड्यांची बेरीज. ती ४ झाली की पोवळी पांढरी पडू लागतात, ८ च्या पुढे मरू लागतात. पांढरं पोवळं मेलेलं नसतं. त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल त्याच्या अंगातून निघून गेलेलं असतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं. इशाऱ्याची सगळी किंमत या मधल्या आठवड्यांत आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'नोआ'ला धोक्याच्या पायऱ्या दोनवरून पाचवर न्याव्या लागल्या, कारण समुद्राने जुनी पट्टी ओलांडली होती. लक्षद्वीपच्या तीन बेटांवर १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळ २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आलं.

आणि मालवण? 'इन्कॉइस'ची सेवा उभी राहिली ती अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छ आणि मन्नारच्या आखातांसाठी. 'नोआ'च्या नकाशातला एक चौकोन ५ किलोमीटर बाजूचा असतो. त्यात ठाकुर्लीसकट डोंबिवली पूर्व-पश्चिम मावेल. १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य सगळं मिळून २९ चौरस किलोमीटर, त्याचा गाभा जेमतेम ३. म्हणजे किल्ल्याभोवतीची सारी पोवळी एका आकड्यात गुंडाळली जातात. सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरपर्यंतचे बारकावे टिपतो, पण लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात जे साधतं ते मालवणच्या गढूळ पाण्यात साधत नाही, आणि जूनपासून वर ढगांचं छत असतं. इथली पोवळी पांढरी पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली, ती पाण्यात उतरून.

म्हणून मला वाटतं, मालवणच्या डायव्हरना या यंत्रणेत घ्यायला हवं. हंगामात ते रोज त्याच खडकांवर उतरतात. कुठलं पोवळं काल तपकिरी होतं आणि आज फिकट आहे, हे त्यांच्याइतकं लवकर कुणाला कळणार? इशारा त्यांच्या मोबाइलवर मराठीत यावा, ठरलेल्या खडकांचे फोटो त्यांनी दर आठवड्याला पाठवावेत, त्याचे पैसे त्यांना मिळावेत, आणि बेरीज ४ कडे सरकली की त्या खडकांवरचं स्नॉर्केलिंग पाणी निवेपर्यंत बंद राहावं. सुट्टी काढून ठाण्याहून आलेल्यांसाठीसुद्धा.