दोन दशांश मिलिमीटर

सायकलचे हँडल डावी-उजवीकडे वळवू लागले असता ते मध्यावर किंचित अडखळते आणि एखाद्या खाचेत बसल्याप्रमाणे तेथेच ठाण मांडू पाहते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना चौकटीच्या डोक्यात वर-खाली ठोकून बसविलेल्या दोन वाट्या, त्यांत फिरणारे छर्रे, चिमट्याच्या माथ्यावरील रेस आणि वरची चेकनट या संचाचे, म्हणजे हेडसेटचे, माहात्म्य निराळे सांगावयास नको.

ही खाच पडते कशी, हे माझे जुने वेड आहे. बहुतेक कारागीर रस्त्यावरील खड्ड्यांना दोषी ठरवितात आणि वाटीतील खळग्यांना यंत्रज्ञांच्या भाषेत ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात. कारण योहान आउगुस्त ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली, कठीण गोळी धातूवर दाबून तिच्या ठशावरून काठिण्य मोजण्याची रीत मांडली होती. परंतु ‘द बायसिकल व्हील’ (१९८१) या ग्रंथाचे कर्ते जोब्स्ट ब्रँट यांनी या उपपत्तीस हरकत घेतली. त्यांच्या मते चिमट्याची नळी धक्क्यागणिक सूक्ष्म वाकते, छर्रे जागच्या जागी कणभर घासतात, वंगण बाजूस सरते, आणि प्रवास बहुधा सरळच असल्यामुळे छऱ्यांना नव्या वंगणाची भेट घडत नाही. म्हणून खाच नेमकी सरळ स्थितीतच पडते. मी ब्रँट यांच्या पक्षाचा आहे. पिंजऱ्यातले छर्रे काढून सुटे भरले की त्यांची संख्या वाढते, त्यांतील अंतरे बदलतात आणि सर्व छर्रे एकाच वेळी जुन्या खळग्यांत उतरत नाहीत. हा तात्पुरता इलाज मी अनेकदा केला आहे.

एकदा मात्र तो इलाजही चालेना. माझी सायकल जुनी, जपानी बनावटीची. पुण्यातील एका दुकानात ‘एक इंची’ संच मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाला, “साहेब, इंच म्हणजे इंच!” वाट्या हातोडीच्या जोरावर कशाबशा बसल्या, रेस मात्र चिमट्याच्या माथ्यावर उतरेना, आणि ठोकता ठोकता त्या कठीण पोलादाला तडा गेला.

दोष हातोडीचा नव्हता, इंचाचा होता. आंतरराष्ट्रीय प्रमाणातील एक इंची संचाच्या वाटीचा बाह्य व्यास ३०.२ मिलिमीटर, रेसचे छिद्र २६.४, जपानी प्रमाणात तेच आकडे ३०.० आणि २७.०. वाटीत फरक अवघा दोन दशांशांचा. पण जपानी वाटी आंतरराष्ट्रीय चौकटीत सैल पडते आणि आंतरराष्ट्रीय रेस जपानी चिमट्यावर चढतच नाही. चिमट्याची बैठक कातून लहान करण्याची मुभा आहे, चौकटीचे डोके कोरून मोठे करण्याचीही आहे. कातलेली धातू परत चढविण्याची मात्र नाही. आट्यांचा मामला आणखी निराळा: सर्वसाधारण संचात इंचास २४ आटे, जुन्या रॅलेच्या कित्येक सायकलींत २६, तर जुन्या फ्रेंच सायकलींत नळीच २५ मिलिमीटरची आणि आट्यांतील अंतर १ मिलिमीटर. शेवटचा तपशील उंचीचा: चिमट्याची नळी १७८ मिलिमीटर आणि चौकटीचे डोके १४० असेल, तर संचाने व्यापावयाची उंची ३८ पेक्षा अधिक असून चालणार नाही.

आधुनिक सायकलींचे दप्तर थोडक्यात आटोपतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी जॉन रेडर यांच्या कल्पनेतून बिनआट्यांचा संच रूढ झाला आणि सव्वा इंचाहून किंचित बारीक, २८.६ मिलिमीटरची नळी सर्वत्र शिरस्ता ठरली. बाहेरच्या वाटीचे ‘ईसी’, आत दबलेल्या वाटीचे ‘झेडएस’ आणि चौकटीतच बेअरिंग बसणाऱ्याचे ‘आयएस’ असे संकेत छापलेले असतात, ‘ईसी ३४/२८.६’ म्हणजे ३४ मिलिमीटरच्या डोक्यात, २८.६च्या नळीसाठी. ‘आयएस’ प्रकारात बेअरिंगच्या कडेचे अंशही जुळावे लागतात: ४१ मिलिमीटरच्या बेअरिंगला ३६ व ४५, तर ४१.८च्या बेअरिंगला दोन्हीकडे ४५.

मी तडा गेलेली रेस आणि व्हर्निअर कॅलिपरने घेतलेली मापे असा ऐवज घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने कागद वाचला, माळ्यावरचा धुळकट डबा काढला, वाटीला माझाच कॅलिपर लावला आणि आकडा पाहून क्षणभर गप्प राहिला. गेल्या महिन्यात मी तेथे उभा असता एका मुलाने एक इंची संच मागितला. दुकानदाराने त्याला विचारले, “कुठला इंच?”