सीमाभागातील मराठी मुलांनी यंत्रविद्या कोणत्या भाषेत शिकावी?

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलाला आता कुठे घालायचे? पदवी घेऊनही घरी बसलेली मुले प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यामुळे आयटीआयचा विचार पुढे येतो. पण तेथे शिकवणे कन्नडमध्ये आणि इंग्रजीत चालते, आपला मुलगा दहा वर्षे मराठीत शिकलेला, त्याचा निभाव लागेल काय, अशी शंका बापाच्या मनात येते. मग धाकट्याला तरी पहिलीपासूनच दुसऱ्या माध्यमात घालू, असे ठरते. आमच्या मराठी शाळांचे पट घटण्यामागे जी कारणे आहेत त्यांत ही शंका एक मोठे कारण आहे. म्हणून तिचा विचार मोर्चाच्या घोषणेने न करता शांतपणे व्हायला हवा.

आयटीआयमध्ये आज फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या जुन्या व्यवसायांच्या जोडीला ‘टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स’ नावाचा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. नाव ऐकून पालक बिचकतात. ‘मेकॅनिक्स’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ यांचा सांधा जोडून हा शब्द १९६९ साली जपानमधील यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते तेत्सुरो मोरी यांनी तयार केला. यंत्राचे हातपाय, त्याच्या शिरा आणि त्याचा मेंदू या तिन्हींची दुरुस्ती एकाच माणसाला यावी, हा त्यामागचा विचार.

विहिरीवरचा ऑटो स्टार्टर

आपल्या शेतकऱ्यांना ही विद्या अगदीच परकी नाही. विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. रात्री थ्री फेज वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, विहिरीतले पाणी संपले की ती बंद पडते, एखादी फेज गेली तरी थांबते. पाणी उपसणारा पंप हे झाले यंत्र. वीज आणि पाणी आहे की नाही हे ओळखणारा भाग म्हणजे सेन्सर. आणि सुरू करायचे की थांबायचे हे ठरवणारी पेटी हा मेंदू. कारखान्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि फार बारकाईने चालते. तेथील मेंदूला पीएलसी म्हणतात.

शाहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या यंत्रमागवाल्यांना आणखी जवळचा दाखला देता येईल. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. जुन्या मागावर हे काम एका लहानशा लोखंडी काट्याने होत असे. नव्या मागांवर तेच काम इलेक्ट्रॉनिक डोळा करतो. काटा वाकला तर जुना जॉबर तो हातोडीने सरळ करीत असे. डोळा बिघडला तर मात्र तार, व्होल्टेज आणि प्रोग्रॅम या तिन्हींची माहिती असलेला माणूस लागतो.

हे शिकायला अफाट बुद्धी लागते असेही नाही. एक हिशेब पाहा. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर घ्या. त्याचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर. आठवीत शिकवलेल्या सूत्राने वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर येते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो असेल तर तो दांडा सुमारे ११८ किलोचा जोर लावतो. ज्या मुलाने हे क्षेत्रफळ मराठीत नीट समजून घेतले आहे, त्याला न्यूमॅटिक्सचे पहिले प्रकरण अवघड जात नाही. ज्याने ते दुसऱ्या भाषेत नुसते पाठ केले आहे, तो मात्र सिलिंडरासमोर अडखळतो. पाया कोणत्या भाषेत पक्का झाला, याला आम्ही महत्त्व देतो ते यासाठीच.

हा वारसा याच मातीतला

यंत्रविद्या हे शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचे काम, हा समज बेळगावच्या माणसाने तरी बाळगू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. १८८८ साली त्यांनी बेळगावात भावासह सायकलचे दुकान काढले. तेथूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळावर आसपासच्या खेड्यांतली माणसे ओतकाम, कानसकाम, जोडकाम शिकली. ती शिकवणी मराठीत झाली. नांगराचा फाळ त्यामुळे कमी धारदार निघाला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आज उद्यमबाग, मच्छे, होनगा येथे फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि पंपांसाठी बेळगावचे नाव देशभर घेतले जाते. महामार्गावर हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. निपाणीकरांना तर कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत बेळगावपेक्षा जवळ. एकेकाळी तंबाखूच्या वखारी आणि विडी हाच ज्या गावाचा आधार होता, त्या निपाणीच्या तरुणाला दोन्ही बाजूंना काम आहे. प्रश्न आहे तो तयारीचा.

‘अपाय’ हा शब्द आणि त्याची लिपी

आमच्या शाळेतून दहावी होऊन आयटीआयला गेलेल्या एका मुलाची वही आम्ही पाहिली आहे. पहिले तीन महिने तो वर्गात तोंड उघडत नव्हता. निदेशक सांगत ते त्याला अर्धे कळे, अर्धे हुकत असे. मग त्याने वहीच्या पानाचे तीन भाग केले. पहिल्यात कन्नड शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात मराठी. ओत्तड, प्रेशर, दाब. गाळी, एअर, हवा. एण्णे, ऑइल, तेल. तंती, वायर, तार. शब्दाखाली त्याने तो भाग काय काम करतो हे आपल्या मराठीत लिहिले होते. दुसऱ्या वर्षी तो वर्गात प्रश्न विचारू लागला. ती वही आता त्याच्या मागून आलेल्या मुलांच्या हातात आहे.

त्या वहीतला एक शब्द आमच्या मनात घर करून राहिला आहे. कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात. हा शब्द मराठी मुलाला लहानपणापासून माहीत आहे. पण यंत्रावर तो कन्नड लिपीत लिहिलेला असतो, आणि लिपी न येणारा मुलगा स्वतःच्याच भाषेतला शब्द ओळखू शकत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राची वीज बंद केली तरी सिलिंडरात आणि नळीत दाबलेली हवा शिल्लक असते. ती सोडल्याशिवाय हात घातला तर दांडा पुढे येऊन बोटे जातात. अशा ठिकाणी पाटी वाचता येणे हा अभिमानाचा किंवा अपमानाचा प्रश्न उरत नाही. तो बोटांचा प्रश्न असतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी एका दमात सांगतो. आमच्या मुलांनी कन्नड लिपी आणि कामापुरती कन्नड शिकून घ्यावी. त्यात कसलाही कमीपणा नाही, शेजारधर्म आहे. आणि सरकारनेही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना कारखान्यातल्या धोक्याच्या सूचना त्यांना वाचता येतील अशा लिपीत द्याव्यात. एका बाजूचे कर्तव्य पार पडले म्हणजे दुसऱ्या बाजूचे संपत नाही.

जगाचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. जर्मनीत मेकॅट्रॉनिकर हा मान्यताप्राप्त व्यवसाय १९९८ पासून आहे. साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण, त्यात काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत, असा क्रम असतो. हे सारे जर्मन मुले जर्मन भाषेत शिकतात. ज्यांची यंत्रे जगभर विकली जातात ते लोक कारागिराला त्याच्या भाषेत शिकवतात, आणि आम्हाला मात्र मराठीत तंत्रशिक्षण होणारच नाही असे ऐकवले जाते.

कागदावर सही करण्यापूर्वी

आयटीआयनंतरची पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने ती बांधलेली आहे. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही लागते. हा कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि आमचे पालक तो न वाचताच अंगठा टेकवावा तशी सही करतात. त्यातील मुख्य गोष्टी तरी माहीत असाव्यात.

२०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि हे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरले. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यात किमान पाच. त्याच दुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. त्यात आयटीआय उत्तीर्णांसाठी ७,००० रुपये होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही मर्यादा ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली. करार करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा पाहून घ्यावा.

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीवाचून जादा वेळ कामाला लावता येत नाही. प्रशिक्षणात इजा झाली तर मात्र कामगाराप्रमाणेच भरपाई मिळते. प्रशिक्षण संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. हेही पालकांनी आधीच समजून घ्यावे, म्हणजे पुढे फसल्यासारखे वाटत नाही. वर्षभर नुसता झाडू आणि चहा यांतच मुलाला अडकवले जात असेल तर तो कराराचा भंग आहे. तक्रार कोठे करायची हेही त्याच कायद्यात दिलेले आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेषा आपल्या अंगणातून ओढली गेली ती या प्रमाणपत्रावर उमटत नाही. बेळगावात आयटीआय करून कागलला उमेदवारी करता येते. शिवाय महाराष्ट्रातील अभियांत्रिकी व पदविका प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. बेळगावात राहूनच पदविका करायची असेल तर कर्नाटक शासनाच्या टूल रूम व प्रशिक्षण केंद्राची शाखा येथे आहे. त्या संस्थेच्या अभ्यासक्रमांत मेकॅट्रॉनिक्सची पदविकाही आहे. कोणत्या शाखेत कोणता अभ्यासक्रम चालतो ते अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

टांगती तलवार

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना राखीव जागा देणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय पदांत ५० टक्के आणि इतर पदांत ७० टक्के. उद्योगजगतातून विरोध होताच ते काही दिवसांतच स्थगित ठेवले गेले. पण त्यातली ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या सीमाभागाने विसरू नये. राज्यात जन्म, पंधरा वर्षांचा रहिवास, आणि त्याबरोबर कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणे. शालान्त प्रमाणपत्रात कन्नड विषय नसेल तर परीक्षा द्यावी लागेल, अशी अट त्यात होती. ज्याच्या सात पिढ्या येळ्ळूर किंवा कारदग्यात गेल्या तो भाषेच्या परीक्षेत नापास झाला तर आपल्याच गावात परका ठरेल. आज हे विधेयक कपाटात आहे. ते पुन्हा बाहेर निघणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेला आपला दावा प्रलंबित आहे. निकाल लागेपर्यंत मुलांची वये काही थांबून राहणार नाहीत.

करण्याजोगे काही

यावर आम्ही काही ठोस गोष्टी सुचवतो. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेने आयटीआयच्या व्यवसायांची पुस्तके प्रादेशिक भाषांतही काढली आहेत, त्यात मराठीही आहे. ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावरून ती मिळवता येतात. गावोगावच्या वाचनालयांनी कादंबऱ्यांच्या शेजारी ही पुस्तके ठेवावीत. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकीचे परिभाषा कोश केलेले आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द शॉपमध्ये चालेल असे नव्हे. सेन्सरला सेन्सर आणि व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणावे. तो कसा चालतो हे मराठीत समजले म्हणजे झाले.

दुसरे, आमच्या मराठी शाळांतून दहावीच्या सुट्टीत कन्नड लिपीचा आणि कारखान्यातल्या शब्दांचा सहा आठवड्यांचा वर्ग भरावा. उद्यमबाग-मच्छेत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी रविवारी एक तास त्यासाठी द्यावा. तिसरे, समितीच्या प्रत्येक गावशाखेत शिकाऊ उमेदवारीचा करार वाचून समजावून सांगणारा एक तरी माणूस असावा. मोर्चाला ट्रॅक्टर काढणे जेवढे गरजेचे, तेवढेच हेही गरजेचे आहे. आणि या वाटेवर मुलींनाही पाठवावे. पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायला दंडात बळ लागत नाही.

भाषेचा लढा साठ-सत्तर वर्षे चालला तो सामान्य माणसाच्या जोरावर. मराठीत शिकल्याने पोराचे पोट भरत नाही, असे त्या माणसाला एकदा वाटू लागले तर कोणताही दावा आपल्याला वाचवू शकणार नाही. मराठी शाळेतला मुलगा दाबाचा हिशेब मराठीत मांडतो, पाटी कन्नडमध्ये वाचतो आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत चाळतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिले की पालकांना समजावत फिरण्याची गरज राहणार नाही. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. तोवर निदान एका वर्गाची आणि एका वाचनालयाची व्यवस्था प्रत्येक गावाने करावी.