परसातील भाजीची पावसाळ्यासाठी बेगमी

देवगड तालुक्यातील जामसंडे येथे विहिरीच्या पाण्यावर केलेली परसबाग मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत भरात असते. वाल, मिरची, गवार, भेंडी, कारली ही पिके एकदमच तोडणीस येतात व घरात खपेनाशी होतात. उलट मृगाचा पाऊस लागला, की वाफ्यांत पाणी साचते आणि मांडवावर नव्याने चढविलेल्या पडवळ-दोडक्यांस श्रावणाच्या सुमारास फळ धरते. मधल्या दीड-दोन महिन्यांत भाजी घाटावरून आणावी लागते. दरड कोसळून घाटरस्ता बंद पडल्यास तीही मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात वाटून उरलेली व अखेर गुरांपुढे पडणारी भाजी जपून ठेवणे, हा परसबागेच्या कामाचाच एक भाग समजावा.

नुसते ठेवून टिकणारे जिन्नस

तांबडा भोपळा व कोहळा पूर्ण जून झाल्यावर देठासह काढावा. सालीला इजा झालेले फळ आधी वापरावे. निकोप फळे पोटमाळ्यावर गवताच्या थरावर, एकमेकांस न टेकतील अशी मांडल्यास काही महिने टिकतात. वालाच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. दाणे कडक उन्हात वाळवून, राख मिसळून ठेवल्यास भुंग्याचा उपद्रव कमी होतो. फणसाच्या आठळ्या धुऊन, सुकवून, तांबड्या मातीत घोळवून ठेवण्याची कोकणातील जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

वाळवण

गवार, भेंडी व कारली कोवळी असतानाच तोडून, सारख्या जाडीचे तुकडे करावेत. गवार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात घालावी. त्यामुळे रंग व चव टिकते. भेंडी व कारली मीठ घातलेल्या आंबट ताकात भिजवून वाळवावीत. पालेभाजी मात्र सावलीत वाळवावी, कारण कडक उन्हाने तिच्यातील जीवनसत्त्वे अधिक नष्ट होतात. सांडगी मिरचीसाठी मिरचीस उभी चीर देऊन मीठ, मेथी, धने व हिंग भरावा. रात्री ताकात आणि दिवसा उन्हात, असे ताक मुरेपर्यंत करावे.

समुद्रकाठची हवा दमट असल्याने वाळवण सायंकाळी घरात घ्यावे. तुकडा वाकला तर ओल आहे व कट्‌कन मोडला तर तो वाळला, असे समजावे. भरताना वाळवण पूर्ण थंड असावे. बुरशी आलेले वाळवण पुन्हा उन्हात घालून खाऊ नये. बुरशीचे विष उन्हाने किंवा शिजवण्याने जात नाही.

मीठ व आंबट

कैऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवावयाच्या असल्यास एक लिटर पाण्यास १५० ते २०० ग्रॅम मीठ घालून ते उकळून गार करावे. कैऱ्या पाण्याखाली बुडालेल्या राहतील असे वजन ठेवावे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. मिठाने पत्रा गंजतो. कोकमाच्या साली रसात बुडवून व वाळवून, असे अनेकदा केल्यावर चांगले आमसूल तयार होते. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

एक धोका

गवार, भेंडी, ओले वाल अशा आंबट नसलेल्या भाज्या साध्या पाण्यात उकळून घरी हवाबंद बाटल्यांत भरू नयेत. उकळत्या पाण्यानेही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू हवाबंद जागी वाढून प्राणघातक विष तयार करतात. अशा भाजीचा वास बिघडेलच, असे नाही.

बियाणे

प्रत्येक वेलीवरील एखादे निकोप फळ बियांसाठी राखावे. कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तारा’ कारली, ‘कोकण श्वेता’ पडवळ व ‘कोकण भूषण’ वाल या जाती परसबागेत लावण्याजोग्या आहेत. कारली व पडवळ यांचा परागसंकर होतो. म्हणून बियाणे धरावयाच्या वेलीजवळ त्याच पिकाची दुसरी जात लावू नये.

प्रत्येक बरणीवर जिन्नस व तारीख लिहावी आणि आधी भरलेली बरणी आधी संपवावी. वैशाख अखेरपर्यंत एवढी बेगमी झाल्यास आषाढातही घरात रोज भाजी शिजेल.