कुंडीला तहान लागली, हे कोण ठरवणार?

दोन लोखंडी खिळे, 10 किलोओहमचा एक रेझिस्टर, लाल एलईडी, तिच्यासाठी 220 ओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो ऊनो बोर्ड. माती सुकली की दिवा लावणारं यंत्र सातवी-आठवीची मुलं एवढ्या सामानात एका दुपारी उभं करतात. इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाइन संस्थेत 2005 साली आर्डुइनो जन्माला आला, तोच इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आज अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत तो सहसा सापडतो. त्यावरच्या एटीमेगा 328पी या चिपची तात्पुरती स्मृती फक्त 2 किलोबाइट. हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही. या कामाला मात्र ती भरपूर होते.

खिळे कुंडीत दोन बोटं अंतरावर रोवायचे. एकाला 5 व्होल्ट द्यायचे. दुसरा बोर्डाच्या ॲनालॉग पिनला जोडायचा आणि तिथूनच 10 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला न्यायचा. ओल्या मातीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून ती वीज वाहून नेते. पिनवर जेवढा विद्युत दाब येईल, त्याचा बोर्ड 0 ते 1023 मधला आकडा करतो. माती जितकी ओली, तितका आकडा मोठा.

इथेच बहुतेक वर्गांत घाई होते. तयार प्रोग्राममध्ये ‘आकडा 400 च्या खाली गेला की दिवा लाव’ असं लिहिलेलं असतं. मुलं ते उतरवतात, दिवा लागतो, टाळ्या पडतात. पण हे 400 आले कुठून? वाळवलेली माती घ्या, चमचा-चमचा पाणी घाला, दर वेळी आकडा टिपा, आलेख काढा. मग काळ्या मातीत तेच करा आणि तांबड्या मातीतही. आलेख जुळणार नाहीत. शेवटी ओल्या मातीत चिमूटभर मीठ मिसळा. पाणी तेवढंच, तरी आकडा चढतो! खिळे ओल मोजतच नव्हते, मातीतून वीज किती सहज जाते ते मोजत होते, हे मुलांना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा क्षण हाच.

पुढच्या अडचणीही शिकवणाऱ्याच आहेत. वीज सतत चालू ठेवली तर विद्युत अपघटनाने धन टोकाचा खिळा गंजतो आणि आकडे भरकटतात. उपाय प्रोग्राममध्ये आहे: 5 व्होल्ट डिजिटल पिनवरून, फक्त मोजण्यापुरते, अर्ध्या तासातून एकदा द्यायचे. प्रवाह अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या वर जात नाही, त्यामुळे पिनला धोका नाही. आकडा सीमेवर रेंगाळला की दिवा कधी लागतो, कधी विझतो. त्यासाठी लावण्याची सीमा खालची आणि विझवण्याची थोडी वरची ठेवायची.

शिक्षकांना एवढीच विनंती: मुलांच्या हाती प्रोग्राम देताना सीमेच्या आकड्याची जागा कोरी ठेवा. तो आकडा त्यांना त्यांच्या कुंडीतून शोधू द्या.