विक्री शून्य, तरी रिटर्न भरायचंच!

हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप, ज्यांना वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी. आधीच सांगतो, मी सीए नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण २०२४ च्या दिवाळीत गावी गेलो आणि चुलत दादाचं जीएसटी निस्तरता निस्तरता जे शिकलो, ते तुमच्या कामी येईल.

दादाचं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदला, वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. उलाढाल फार नाही. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत, आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मग दादाला नंबर कशाला लागला? कारण त्याला लोखंडी रॅकची ऑर्डर आली बुऱ्हाणपूरहून. आपल्याला बुऱ्हाणपूर शेजारचं वाटतं, पण ते मध्य प्रदेशात. माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर साधारणपणे पहिल्या बिलापासून नोंदणी लागते, मग उलाढाल किती का असेना. कमी कटकटीची कंपोझिशन योजनाही राज्याबाहेर माल विकणाऱ्याला चालत नाही.

जूनमध्ये त्याने ओळखीच्या एकाला पैसे देऊन नंबर काढला. खरं तर सरकारी पोर्टलवर नोंदणीला एक रुपयाही फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँक खातं आणि जागेचा पुरावा लागतो. जागा वडिलांच्या नावावर असेल तर वीजबिलासोबत त्यांचं संमतीपत्र. मिळणारा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन.

मशीन बसेपर्यंत जून-जुलै कामच नव्हतं. ऑगस्टमध्ये रॅक गेले, पहिलं बिल फाटलं. सप्टेंबर परत रिकामा. आणि ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला: तुमचं बिल माझ्याकडे दिसत नाही, टॅक्सचे पैसे थांबवतोय, पुढची ऑर्डरही.

मी दादाला विचारलं, "रिटर्न भरले का?"

"अरे, विक्रीच नाही त रिटर्न कायचं भरू?"

इथेच सगळी गोम आहे. नंबर चालू आहे तोवर रिटर्न भरावंच लागतं, विक्री शून्य असली तरी. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ठरावीक वेळाने 'मी चालू आहे' असा सिग्नल पाठवतो, तसंच हे. सिग्नल थांबला की समोरचा धरून चालतो, काहीतरी बिघडलंय.

दर महिन्याची दोन कामं असतात. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे कोणाला काय विकलं. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे हिशेब आणि टॅक्स. तुमच्या जीएसटीआर-१ मधूनच गिऱ्हाइकाला तुमचं बिल दिसतं आणि त्याला क्रेडिट मिळतं. म्हणून तिथे अडलं. आणि मधला महिना सोडून पुढचा भरता येत नाही. जून, जुलै भरल्याशिवाय ऑगस्टचं बिल चढेचना.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये लेट फी, कमाल ५००. जून आणि जुलैचे ५००-५००. ऑगस्टमध्ये विक्री होती, तिथे दिवसाला ५०. ४० दिवसांचे २,०००. दादासारख्या छोट्या धंद्याला कमाल मर्यादाही तेवढीच. सप्टेंबरचे १० दिवस, २००. झाले ३,२००. शिवाय ऑगस्टच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. सहा महिने असंच गेलं असतं तर नंबर रद्द होण्याची पाळी आली असती.

आठवणीचे मेसेज आले नव्हते का? आले होते की! पण नोंदणीत मोबाइल नंबर टाकला होता त्या ओळखीच्या माणसाचा. दादाला कधी कळलंच नाही.

तर मंडळी, लक्षात ठेवा:

• नोंदणीत मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. पासवर्ड स्वतःकडे ठेवा.

• विक्री नाही, खरेदीचं क्रेडिटही घ्यायचं नाही? मग ३बी एसएमएसने भरता येतं. इंग्रजी अक्षरांत निल, जागा सोडून ३बी, मग जीएसटी नंबर, मग सहा आकडी महिना-वर्ष टाइप करून १४४०९ वर पाठवा. कोड येतो, तो परत पाठवून कन्फर्म करा. जीएसटीआर-१ साठीही अशीच सोय आहे.

• उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय आहे. टॅक्स मात्र दर महिन्याला भरावा लागतो.

• धंदा बंद केला तर नंबर रद्द करायला अर्ज करा. नुसतं शटर पाडून नंबर बंद होत नाही.

बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला बिल दिसलं, त्याने थांबवलेले पैसे सोडले. पुढची ऑर्डर यायला मात्र फेब्रुवारी उजाडला. ३,२०० पेक्षा दादाला तेच जास्त लागलं.

तुमच्या घरी कोणाचं दुकान, वर्कशॉप असेल तर आज एवढंच करा. पोर्टलवर लॉगिन न करताही जीएसटी नंबर टाकून रिटर्न भरलेत का ते दिसतं. बघून घ्या. कारण तुमचं गिऱ्हाईकही तिथेच बघतंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!