इंग्रजी येतं, पण पासपोर्ट कुठला?

‘१२० तासांचा ऑनलाइन कोर्स करा आणि परदेशात इंग्रजी शिकवा.’ ही जाहिरात आता पुण्या-मुंबईपुरती उरलेली नाही. जिल्ह्याच्या गावी बी.एड. करणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवरही ती झळकते. ती खोटी नाही, अर्धी आहे. परदेशात इंग्रजी शिकवणारे भारतीय खरोखर आहेत, पगारही मिळतो, अनुभवही चांगला येतो. मात्र तयारी म्हणजे इंग्रजी सुधारणं एवढंच डोक्यात असेल, तर नोकरीच्या आधीच अडखळायला होतं. कुठलं दार आपल्यासाठी उघडं आहे हे बोलण्यावरून ठरत नाही. ते कागदांवरून ठरतं.

पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज असा, की इंग्रजी उत्तम असेल तर कुठल्याही देशात शिकवता येतं. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे परकीय भाषा शिकवणाऱ्यांना ‘ई-२’ व्हिसा लागतो आणि इंग्रजीसाठी तो साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी केंब्रिजच्या प्राध्यापकासारखं असलं तरी पासपोर्टवर अशोकस्तंभ आहे म्हटल्यावर तो रस्ता बंद. भारतीयांसाठी एक वेगळी वाट आहे, पण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. भारत आणि कोरिया यांच्यातला ‘सेपा’ हा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पदवी आणि इंग्रजीची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून काम करता येतं. म्हणजे ज्या बी.एड.ला आपल्याकडे ‘आता नोकऱ्या कुठे आहेत’ म्हणून नाकं मुरडली जातात, तेच इथे कामाला येतं. मात्र ‘हागवॉन’ म्हणजे तिथले खासगी क्लासेस या सवलतीत बसत नाहीत, आणि एजंट बहुतेकदा नेमक्या त्याच जागा दाखवतात.

जपानचा नियम आणखी वेगळा आणि मराठी वाचकाला थेट लागू होणारा. शाळांमध्ये पूर्ण शिक्षक म्हणून नव्हे तर भाषेचे साहाय्यक म्हणून काम करणाऱ्यांना जो शिक्षकी व्हिसा लागतो, त्यासाठी ती भाषा शिकवणाऱ्याने स्वतः त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं लागतं. त्या भाषेचं नव्हे, त्या भाषेतून. आता हिशेब मांडा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून इंग्रजी, मग तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.ए. एकूण भरतात ७ वर्षं. पुढे दोन वर्षांचं बी.एड. इंग्रजीतून केलं तरी ९. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं खरं, पण ते विषय म्हणून. माध्यम मराठीच राहिलं. त्यामुळे तो काळ या १२ वर्षांत धरला जात नाही. हा नियम मला आंधळा वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन इंग्रजीवर हुकमत मिळवलेला माणूस ती भाषा शिकणाऱ्याची अडचण अधिक चांगली ओळखतो. पण व्हिसा अधिकाऱ्याशी या विषयावर वाद घालता येत नाही. जपानमधल्या खासगी संभाषण-वर्गांचा व्हिसा निराळ्या वर्गात मोडतो आणि तिथे पदवीला महत्त्व असतं. तेव्हा मराठी माध्यमवाल्यांनी ती बाजू आधी तपासावी. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी शाळा-कॉलेजकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ असं पत्र लेटरहेडवर आत्ताच घेऊन ठेवावं. मुख्याध्यापक बदलले, शाळा बंद पडली, की तेच पत्र मिळवायला नाकी नऊ येतात.

थायलंड आणि व्हिएतनाम त्या मानाने मोकळे आहेत. थायलंडमध्ये इंग्रजी ही ज्यांच्या देशाची प्रथम भाषा मानली जात नाही, त्यांच्याकडे टोइक परीक्षेचे सहसा किमान ६०० गुण मागतात. शाळेत शिकवायचं तर ‘खुरुसफा’ या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती परवानगी लागते. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि कामाचा परवाना हवा. चीनबद्दल अजून जुन्या कहाण्या सांगितल्या जातात. पण २०२१ च्या जुलैत तिथल्या सरकारने शाळकरी मुलांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर मोठी बंधनं आणली आणि इंग्रजीच्या क्लासेसचा तो सुवर्णकाळ ओसरला.

आता जाहिरातीतल्या त्या १२० तासांकडे वळू. अशा कोर्सच्या नावातलं ‘टेफल’ हे एका परीक्षेचं किंवा एका संस्थेचं नाव नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाला दिलेलं ते ढोबळ नाव आहे आणि कुठलीही संस्था असं प्रमाणपत्र छापू शकते. केंब्रिजचं सेल्टा किंवा ट्रिनिटीचं सर्टटेसॉल यांची गोष्ट वेगळी. तिथे खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं, प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढतो आणि नंतर तुमच्या तासाची चिरफाड होते. केवळ व्हिडिओ पाहून आणि प्रश्नमंजूषा सोडवून मिळालेल्या कागदात हे नसतं. व्हिसाच्या फाइलला तो कागद पुरेलही कदाचित, वर्गात मात्र पुरत नाही. दुसरं असं, की यांतलं कुठलंही प्रमाणपत्र पदवीची जागा घेत नाही. सेल्टाला प्रवेश घ्यायला पदवीची सक्ती नाही, म्हणून काहींना वाटतं नोकरीलाही नसेल. पण वर सांगितलेल्या देशांचे व्हिसाचे नियम पदवी मागतातच. आयइएल्टीएसचा चांगला बँड हाही शिकवता येण्याचा पुरावा नव्हे. तो फक्त तुम्हाला इंग्रजी येतं एवढंच सांगतो, आणि तेही दोनच वर्षं ग्राह्य धरलं जातं.

वर्गात काय कमी पडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आपली खरी तयारी तिथे आहे. आपण इंग्रजी शिकलो ते बहुतांशी भाषांतराने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या आणि आजही खेड्यातला शिक्षक धडा वाचतो, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतो. हनोईच्या वर्गात ही कुबडी नाही. समोरच्या चाळीस मुलांना मराठी येत नाही, तुम्हाला व्हिएतनामी येत नाही. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन नाशिक’ हे वाक्य समजावायचं कसं? व्याकरणाचं नाव सांगून उपयोग नाही आणि ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे माना डोलावतात. त्याऐवजी फळ्यावर एक काळरेषा काढून विचारायचं : तो आता नाशिकला राहतो का? पूर्वी राहत होता का? एकदाच राहिला की बरीच वर्षं? उत्तरांवरून कळतं कुणाला अर्थ लागला आणि कुणाला नाही. असे प्रश्न आधी लिहून काढायची सवय इथेच लावता येते. गल्लीतल्या मुलांना महिनाभर एकही मराठी शब्द न वापरता शिकवून पाहा. कुठलाही ऑनलाइन कोर्स हे शिकवत नाही, आणि या सरावाला पैसेही पडत नाहीत.

उच्चारांचा बाऊ मात्र नको. अमेरिकी सूर ओढूनताणून आणला की ऐकणारा गोंधळतो. आपलं दुखणं वेगळं आहे : शब्दातला कुठला भाग ठासून म्हणायचा याकडे आपण दुर्लक्ष करतो, आणि इंग्रजीतले दोन निरनिराळे ‘व’ एकाच तोंडाने म्हणतो. एवढं सुधारलं तरी पुष्कळ.

कागदपत्रांकडे येऊ. ‘नोटरीचा शिक्का मारला की काम झालं’ ही समजूत घराघरात आहे. परदेशात त्या शिक्क्याला सहसा कुणी विचारत नाही. लागतं ते ॲपॉस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसारचं प्रमाणीकरण. भारत या करारात २००५ पासून आहे. शैक्षणिक कागदांची आधी राज्य पातळीवर पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालय ॲपॉस्टिल देतं. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. त्यावर एजन्सी किती हजार लावते ते आधी विचारा. ई-सनद या सरकारी पोर्टलवरूनही काही कागदांचं काम होतं. कोरिया आणि जपान ॲपॉस्टिल मानतात. संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार हे देश त्या करारात नसल्याने तिथे जाणाऱ्याला मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचीही पायरी चढावी लागते.

आणि लॅमिनेशन! मुलाची पदवी आली की घरच्यांनी कौतुकाने ती प्लास्टिकमध्ये बंद करायची, ही आपली रीत. प्रमाणीकरणाचा शिक्का किंवा स्टिकर मूळ कागदावर लागतो, त्यामुळे लॅमिनेट केलेली पदवी परत येते. मग विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी अर्ज आणि खेटे. अनेकांकडे तर पदवीचं प्रमाणपत्रच नसतं. गुणपत्रिका आणि तात्पुरतं प्रमाणपत्र एवढ्यावर गाडी चाललेली असते, कारण इथे कुणी दीक्षान्त प्रमाणपत्र मागितलेलं नसतं. तिथे मागतात.

नावाचा घोळ तर खास आपला. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव निराळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव आणि पदवीवर माहेरचं. आपल्या कारकुनाला हे बघताक्षणी कळतं, सोलमधल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी असलं, तर हा प्रश्न सुटतो.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाकडून ५०० रुपयांत मिळतो. तो मात्र घाईने काढू नका. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांहून जुना चालत नाही. पदवीची कामं आधी, हा दाखला शेवटी.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिथे बघू’ असं सांगणाऱ्या एजंटापासून दोन हात दूर राहावं. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं हे बेकायदा काम ठरतं. पकडले गेलात तर हद्दपारी तुमची होते, शाळेची नव्हे. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेल्याचे प्रकार घडल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर इशारा दिला होता. त्या नोकऱ्या आयटीच्या म्हणून सांगितल्या गेल्या होत्या, पण फसवणुकीची रीत शिक्षकांनाही जशीच्या तशी लागू होते. परदेशी नोकऱ्या लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्याला हा आकडा सांगून पाहा.

बाकी सामानाच्या याद्या सगळेच देतात, म्हणून तीनच गोष्टी. घरून खोकल्याचं औषध बांधून देताना आत कोडीन आहे का पाहा. अमिराती आणि जपान दोन्हीकडे त्यावर निर्बंध आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोइफेड्रिनही ठरावीक प्रमाणाबाहेर जपानला चालत नाही. व्हिएतनाममध्ये सगळा देश दुचाकीवर असतो आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आलेला भारतीय निर्धास्त असतो. पण आपला परवाना रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या करारावर आधारलेला आहे आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. तो परवाना तिथे चालत नाही, अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला तेवढं कारण पुरतं. आणि बँक : नोकरीसाठी परदेशी निघालात की इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफचं जुनं खातं मात्र मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. त्यासाठी घाईने पैसे काढायची गरज नाही.